चाळिशीनंतरचे दप्तर

(विहाराच्या वर्धापनदिनी दुपारच्या सत्रात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातील काही वाक्ये छपाईसाठी नीट करून घेतली आहेत.)



समितीने मला विषय दिला होता 'शिक्षणाचे महत्त्व'. या विषयावर या व्यासपीठावरून इतकी भाषणे झाली आहेत की समोरच्या भिंतीलाही ती पाठ असतील. म्हणून अध्यक्षसाहेबांची परवानगी घेऊन मी विषय थोडा अरुंद केला आहे. शिक्षणाचे महत्त्व आपण नेहमी मुलांना सांगतो. मी आज बोलणार आहे ते मुलांच्या आईबापांच्या शिक्षणाबद्दल. ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले, संसार झाला, मुले मोठी झाली आणि आता मनात कुठेतरी असते की एकदा पुरे करायला हवे होते, त्यांच्याबद्दल. अशी माणसे या सभागृहात किती आहेत हे मला ठाऊक आहे, कारण त्यातल्या निम्म्या जणी पाणी भरताना माझ्याशी बोललेल्या आहेत.

आपल्याकडे चाळिशी हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. एक वयाची चाळिशी आणि दुसरी नाकावरची. मला दोन्ही एकाच सुमारास लागल्या. त्यानंतर २०१७ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी, मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातले. बी.ए. २०२० साली झाले, एम.ए. २०२४ साली. आज मी ५२ वर्षांची आहे. हे कौतुकासाठी सांगत नाही. पुढे जे सांगणार आहे ते ऐकीव नाही, एवढे कळावे म्हणून सांगते.

माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी तिसरीत होते. पुढचे तुम्हाला सांगायला नको, आपल्यापैकी कितीतरी घरे त्याच संपाची झळ सोसून इथे आली. बारावी १९९१ ला झाले आणि पुढच्या वर्षी लग्न. सासर चांगले मिळाले. शिकू नको असे कुणी म्हटले नाही. पण शीक असेही कुणी म्हटले नाही, आणि पंचवीस वर्षे त्यात निघून गेली. पुढे दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर नोकरी लागली.

परत शिकावेसे का वाटले? मुलीच्या शिष्यवृत्तीच्या वेळी एक शासन निर्णय हातात आला, ज्याला आपण जी.आर. म्हणतो. चार पाने. ऑफिसात एक जण एक सांगायचा, कॉलेजच्या खिडकीवर दुसरे सांगायचे. मी ती चार पाने घरी आणून तीनदा वाचली. सगळी अक्षरे मराठी, पण अर्थ लागेना. दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत किती दिवस काढायचे, असे तेव्हा मनात आले. बस, एवढेच कारण. लोक विचारतात, पदवीने पगार वाढला का? नाही वाढला. पण आता जी.आर. मी स्वतः वाचते आणि आपल्या गल्लीतल्या पोरांचे अर्ज अडले की त्यातले कलम दाखवून बोलते. खिडकीपलीकडचा माणूस मग जरा सरळ बसतो.

मोठ्या माणसांनी शिकणे ही काही नवी गोष्ट नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. बाबासाहेबांनी १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले, तेव्हा वर्ग सकाळचे ठेवले. का? नोकरी करणाऱ्या माणसाला कॉलेज करून कामावर जाता यावे म्हणून. आपल्या मागच्या पिढीतले किती कारकून, किती शिक्षक त्या सकाळच्या वर्गांतून तयार झाले! शिकणाऱ्याच्या ड्युटीप्रमाणे कॉलेजने आपली वेळ ठरवली, हे मला फार मोठे वाटते.

त्यानंतर मुक्त विद्यापीठे आली. देशातले पहिले मुक्त विद्यापीठ हैदराबादला १९८२ साली निघाले आणि १९९१ पासून त्याला बाबासाहेबांचेच नाव आहे. दिल्लीचे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ चे. आपल्या महाराष्ट्रात नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ ला स्थापन झाले. त्याची पुस्तके मराठीत, घरी बसून वाचता येतील अशा बेताने लिहिलेली, आणि वर्ग बहुधा रविवारी. माझ्यासारखीला आणखी काय हवे?

आता माध्यमाचे बघा. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात १९७१ ला पहिले विद्यार्थी शिकू लागले तेव्हा धडे बीबीसीच्या टीव्हीवरून, भल्या पहाटे नाहीतर रात्री उशिरा, दाखवत. ते २००६ ला बंद झाले. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर कॉलेजचे कार्यक्रम सुरू केले. वयस्कर मंडळींना आठवत असेल, दुपारी ते इंग्रजीतले कार्यक्रम लागायचे आणि सिनेमाची वाट बघणारी पोरे कंटाळून जायची. २००४ ला शिक्षणासाठी एज्युसॅट नावाचा उपग्रह सोडला, तोही केव्हाच निवृत्त झाला. २०१७ ला 'स्वयं' नावाचे सरकारी ऑनलाइन वर्ग आले, ते आज मोबाइलवर फुकट बघता येतात, परीक्षा द्यायची तर फी. म्हणजे साधन दर काही वर्षांनी बदलतच आले आहे. आज जे नवीन आहे तेही जाणार. त्यामुळे 'मला हे यंत्र येत नाही' म्हणून जी बाई घरी बसते, तिला मी म्हणते, अगं, ज्यांना येते त्यांनाही दहा वर्षांनी पुन्हा नव्याने शिकावे लागणार आहे.

पण एका गोष्टीकडे माझे लक्ष फार उशिरा गेले, आणि आज खरे तर तेच सांगायला मी उभी आहे.

१९९१ ला कॉलेजात जायचे म्हणजे काय लागायचे? छापील फॉर्म, झेरॉक्स, त्यावर कुणा साहेबाची सही-शिक्का, आणि फीचे पैसे. दार अडायचे ते पैशापाशी नाहीतर वडिलांच्या सहीपाशी. २०१७ ला फॉर्म संगणकावर होता. सायबर कॅफेतल्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, "काकू, मोबाइल नंबर आणि ईमेल?" माझ्यासोबत आलेल्या चौघींपैकी तिघींनी नंबर दिला तो मुलाचा नाहीतर मालकांचा. ईमेल त्या कॅफेवाल्या पोरानेच काढून दिला आणि पासवर्डही त्यानेच ठरवला. आम्ही पाच जणींनी त्या दिवशी नाव घातले. पेढेही वाटले.

पाचांपैकी पदवी दोघींनी घेतली. राहिलेल्या तिघींचे काय झाले? एकीची सासू अंथरुणाला खिळली, त्याला इलाज नव्हता. दुसरीच्या मुलाने नंबर बदलला. दुसऱ्या वर्षाची नोंदणी सुरू झाल्याचा मेसेज जुन्या नंबरवर गेला, तारीख निघून गेली. तिसरीचे तर ऐकण्यासारखे आहे. तिला परीक्षेचे प्रवेशपत्र काढायचे होते. ओटीपी गेला मालकांच्या फोनवर, मालक रात्रपाळीला, फोन लॉकरमध्ये. सकाळी ते आले तोपर्यंत ओटीपी शिळा झालेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "रोज रोज काय कटकट." तिने पुन्हा विचारलेच नाही. त्या माणसाला मी दोष देत नाही, सरळ माणूस आहे, आज इथे बसलेला आहे. त्याच्या लक्षातच आले नाही की त्या सहा आकड्यांत बायकोचे अख्खे वर्ष होते.

पूर्वी अडवणारा दिसायचा तरी. त्याच्याशी भांडता यायचे, आईला मध्ये घालता यायचे. आता कुणीच नाही म्हणत नाही आणि तरी दार उघडत नाही, कारण किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे. म्हणून माझे पहिले सांगणे पुस्तकाबद्दल नाहीच. स्वतःच्या नावाचे सिमकार्ड घ्या. स्वतःचा ईमेल काढा. पासवर्ड वहीत लिहा आणि ती वही जिथे सोन्याची पोत ठेवता तिथे ठेवा. जाणकार म्हणतात पासवर्ड लिहून ठेवू नये. त्यांचे बरोबर असेल, पण त्यांना तो पाठ राहतो. ओटीपी मात्र फोनवरून कुणी मागितला तर कुणालाही सांगायचा नाही, मागणारा बँकेचा साहेब म्हणवत असला तरी नाही.

आता अभ्यासाचे. चाळिशीनंतर सर्वांत आधी दगा देतो तो हात. मला वाटले होते डोके चालणार नाही. डोके चालले हो. पण तीन तास सलग लिहायची सवयच गेलेली. केसपेपरवर नाव, वय, पत्ता याखेरीज वीस वर्षांत मी काही लिहिलेले नव्हते, आणि पुढे तेही संगणकावर गेले. पहिल्या सराव पेपरला तासाभरात अंगठा असा धरला की पेन सुटले. मग रोज रात्री भांडी आवरली की घड्याळ लावून एक उत्तर लिहायचे, वीस मिनिटे, चूक असो बरोबर असो. चार महिन्यांत हात सैल झाला. जे कुणी नाव घालणार आहेत त्यांनी हे पहिल्या दिवसापासून करावे. वाचन कमी झाले तर निभते, हात न चालणे निभत नाही.

पाठांतर मुलांसारखे होत नाही हे खरे आहे. पण आपल्याकडे अनुभव असतो. लोकप्रशासनाच्या पुस्तकात 'नोकरशाही' हे प्रकरण होते. कॉलेजातली पोरगी ते घोकते. मी वीस वर्षे खिडकीच्या आत बसलेली आहे आणि रेशनच्या खिडकीबाहेर उभीही राहिलेली आहे, मला त्यातले प्रत्येक वाक्य चेहऱ्यासकट दिसत होते.

बी.ए.चे शेवटचे वर्ष करोनात सापडले. परीक्षा मे महिन्यात व्हायची ती लांबत गेली. शेवटच्या वर्षाची परीक्षा घ्यावीच लागेल असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २८ ऑगस्ट २०२० ला आला आणि ऑक्टोबरमध्ये ती ऑनलाइन झाली. ज्या हाताला मी तीन वर्षे तयार केले त्याचे काही कामच राहिले नाही, नुसते पर्यायावर बोट ठेवायचे! दवाखान्यात तेव्हा काय चालले होते ते तुम्ही पाहिले आहे. मी ड्युटीवरून आले, अंघोळ केली आणि दारामागे स्टूल टाकून मोबाइलवर पेपर दिला. घरातल्या सर्वांना एक तास नेट बंद ठेवायला लावले होते. धाकट्याने तो एक तास कसा काढला हे त्यालाच माहीत.

एम.ए.ला वेगळीच तऱ्हा. समाजशास्त्राची पुस्तके इंग्रजीत नाहीतर हिंदीत, आणि तीही फोनवर. चष्मा कपाळावर, फोन डोळ्यांपासून हातभर लांब, असे वाचता वाचता मान धरायची. शेवटी मी महत्त्वाची प्रकरणे झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतली आणि सुईदोऱ्याने शिवली. मुलगी हसली. हसू दे. जे हातात धरून खुणा करता येतात तेच माझ्या डोक्यात राहते. पण फोनचे उपकारही सांगायला हवेत. मराठीत बोलले की तो आपोआप टाइप करतो, २०१७ पासून ही सोय आहे. माझे गृहपाठाचे पहिले मसुदे मी स्वयंपाक करताना बोलून काढलेले आहेत. फोडणी तडतडली की मध्येच काहीतरी भलतेच उमटायचे, ते रात्री दुरुस्त करायचे.

आणि आता ती प्रश्नांना उत्तरे देणारी यंत्रे आली. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ ला आले, तेव्हा मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. घरातली मुले म्हणाली, आई, कशाला रात्र जागवतेस, त्याला सांग, दोन मिनिटांत गृहपाठ लिहून देईल. मी वापरून पाहिले. इंग्रजीतला अवघड परिच्छेद मराठीत समजावून सांग म्हटले तर छान सांगते, दहा वेळा विचारले तरी चिडत नाही. कुठल्याही शिक्षकाला हे जमणार नाही, मला तर मुळीच जमत नाही. पण एकदा मी वस्त्यांवरच्या पुस्तकांची नावे विचारली. त्याने पाच नावे दिली, लेखकांसह. दोन पुस्तके ग्रंथालयात सापडली. उरलेली तीन कुठेच नाहीत, ती पुस्तके कुणी लिहिलेलीच नाहीत! इतक्या ठामपणे खोटे बोलणारा माणूस मी आमच्या दवाखान्यातही पाहिलेला नाही. म्हणून माझा नियम असा की त्याच्याकडून समजून घ्यायचे, पण लिहायचे आपण. ४५ व्या वर्षी आपण फी भरून शिकायला आलो ते समजण्यासाठी. ते काम यंत्राला दिले तर आपण तिथे कशाला गेलो होतो?

आता पुरुष मंडळींसाठी एक गोष्ट, कारण यात तेच जास्त फसतात. 'घरबसल्या एका वर्षात पदवी' अशा जाहिराती फोनवर येतात. आपल्याच वस्तीतल्या एका भावाने बढतीसाठी अशा एका एजंटला चाळीस हजार रुपये दिले. कागद आला, कंपनीने तपासायला पाठवला, आणि तसे विद्यापीठच मान्यताप्राप्त निघाले नाही. पैसे गेले त्याचे दुःख आहेच, पण ऑफिसात मान खाली गेली ती भरून निघत नाही. विद्यापीठ अनुदान आयोग बोगस विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. दूरशिक्षणाच्या कोणत्या विद्यापीठाला कोणत्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे हेही त्यांच्या संकेतस्थळावर बघता येते. ते बघितल्याशिवाय एक रुपया भरू नका. मान्यता असेल तर ती पदवी नेहमीच्या कॉलेजातल्या पदवीच्या बरोबरीची धरतात, आयोगाने २०२२ ला तसे स्पष्ट केले आहे. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, कायदा हे मात्र दूरशिक्षणाने मिळत नाही, कुणी देतो म्हणाला तर तिथूनच परत या.

बारावी राहिलेली असेल तर १७ नंबरचा फॉर्म आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. पदवीच्या प्रवेशाचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून शेजारणीने पाच वर्षांपूर्वी काय केले ते विचारू नका, त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा. आणि जिचे मध्येच सुटले तिच्यासाठी, २०२१ पासून क्रेडिट बँक आली आहे. नोंदणी केलेली असेल तर मिळवलेली क्रेडिट्स तुमच्या खात्यावर राहतात, साधारण सात वर्षे. प्रत्येक ठिकाणी ती चालतील असे नाही, पण आमच्या त्या तिघींच्या वेळी हे नव्हते.

आता समितीपुढे मागणी, ज्यासाठी मी हे सर्व एवढे लांबवले.

आम्ही दोघी टिकलो ते आम्ही फार हुशार म्हणून नाही. आम्ही रोज एकाच लोकलने जायचो. कल्याण ते ठाणे, उभ्याने, एक जण वाचायची आणि दुसरी ऐकायची. एकीला तारीख कळली की दुसरीला कळायची. एकीचा फोन बंद पडला की दुसरीच्या फोनवर काम व्हायचे. बाकीच्या तिघी घरात एकट्या अभ्यास करत होत्या, दहा बाय बाराच्या खोलीत, टीव्ही चालू, पाहुणे आलेले. सगळे शिक्षण फोनवर आल्यापासून माणूस जास्तच एकटा पडला आहे. पूर्वी निदान रविवारच्या वर्गाला तरी चार चेहरे दिसायचे.

आपल्या विहाराच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे. तिच्यात मंडपाचे कापड, मोठी पातेली आणि जुने लाऊडस्पीकर आहेत. मंगळवार आणि शुक्रवार, रात्री आठ ते दहा, ती खोली शिकणाऱ्या मोठ्या माणसांना द्यावी. बायका आणि पुरुष दोघांनाही. पातेली एका कोपऱ्यात लावून द्यायला महिला मंडळ तयार आहे. एक टेबल आणि ट्यूबलाइट लागेल. नेटच्या महिन्याच्या बिलासाठी आम्ही आमच्यात पैसे काढू, समितीवर बोजा नको. मागच्या बैठकीत प्रश्न निघाला की किल्ली कुणाकडे राहणार, रात्री कुलूप कोण लावणार. प्रश्न रास्त आहे. किल्ली माझ्याकडे द्या. मी ड्युटीवर असेन त्या दिवशी ती माझ्या लोकलच्या मैत्रिणीकडे राहील, ती इथून तिसऱ्या घरात राहते. कॉलेजातल्या मुलामुलींनी आठवड्यातून एक तास यावे, फॉर्म भरून द्यायला नव्हे, तर आम्ही भरताना शेजारी बसायला. माउसला हात लावायचा नाही, ही अट.

प्रवेशाचे अर्ज बहुतेक जून-जुलैच्या सुमारास सुरू होतात. तोपर्यंत सिमकार्ड, ईमेल आणि नावातल्या चुका, म्हणजे दाखल्यावर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, एवढी कामे उरकून घ्यायची आहेत. त्या नावाच्या भानगडीलाच दोन महिने जातात, राजपत्रात नाव बदल करावा लागला तर आणखी. म्हणून आजच सुरुवात केलेली बरी.

बाहेर चहाच्या टेबलाजवळ मी एक वही ठेवली आहे. ज्यांचा विचार असेल त्यांनी त्यात नाव लिहावे, कितवीपर्यंत झाले ते लिहावे आणि मोबाइल नंबर लिहावा. नंबर स्वतःचा, मुलाचा नको. जयभीम.